अठरा नखांची काळजी

पावसाळ्यात कान्हा राष्ट्रीय उद्यानाचा गाभा पर्यटकांसाठी बंद होतो, साधारण १ जुलै ते ३० सप्टेंबर. बालाघाट जिल्ह्यातल्या बैहरकडून मुक्की फाटकाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची सफारीच्या जिप्सी गाड्यांची वर्दळ थांबते, बंजर नदी दुथडी भरते, सालवनातल्या वाटा चिखलात बुडतात. वनखात्याच्या हत्तींना मात्र हेच दिवस कामाचे. जिथे गाडी रुतते तिथे हत्तीशिवाय पोचता येत नाही, आणि चोरट्या शिकाऱ्यांना ओलं, गच्च जंगल सोयीचं वाटतं. म्हणून गस्त हत्तीवरून घालावी लागते. जखमी वाघाचा माग काढणं, त्याला बेशुद्ध करण्यासाठी पशुवैद्यकाला पुरेसं जवळ नेणं, हीदेखील हत्तीचीच कामं.

या धावपळीत, बहुतेक वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, हत्तींना आठवडाभर सुट्टी मिळते. खात्याच्या भाषेत हा ‘रिजुवनेशन कॅम्प’. मंडला आणि बालाघाट या दोन जिल्ह्यांत पसरलेल्या उद्यानाच्या निरनिराळ्या भागांतले हत्ती एका ठिकाणी आणतात. सकाळी घासूनपुसून अंघोळ, मग पायांना कडुनिंबाचं तेल, डोक्याला एरंडेल, मग मका, केळी, अननस, सफरचंद, पपई, नारळ, गूळ, रोट. रक्ताचे नमुने घेतात, जंताचं औषध देतात, ज्यांचे सुळे वाढलेत त्यांची टोकं कापतात. खाणं झालं की हत्ती पुन्हा जंगलात मोकळे, दुसऱ्या सकाळी त्यांना शोधून आणायचं. माहूत आणि चाराकटर (चारा कापून आणणारे मदतनीस) यांची आरोग्यतपासणीही याच दिवसांत उरकतात. वर्तमानपत्रांत फोटो येतात ते फळांच्या राशींचे. पण या आठवड्यातलं सर्वांत मोलाचं काम मला वाटतं ते त्या राशींपलीकडे, जमिनीलगत बसून चाललेलं असतं. ते म्हणजे हत्तीची नखं कापणं आणि पाय तपासणं.

आशियाई हत्तीच्या पुढच्या प्रत्येक पायाला बहुधा पाच आणि मागच्या प्रत्येक पायाला चार नखं असतात, म्हणजे एकूण अठरा. काहींना वीसही असतात. जुन्या गजलक्षणांत अठरा किंवा वीस नखांचा हत्ती शुभ मानलेला आहे. हत्ती पारखताना आपल्या पूर्वजांची नजर आधी पायाकडे वळत होती, एवढं यातून नक्की दिसतं. हत्तींच्या वैद्यकावरचा पालकाप्यांचा ‘हस्त्यायुर्वेद’ हा संस्कृत ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ मध्ये छापला. भलामोठा ग्रंथ आहे तो. हत्ती ज्यांच्या लष्कराचा आणि दरबाराचा आधार होता, त्यांना त्याचं दुखणंखुपणं जाणून घेणं भागच होतं.

नखं इतकी महत्त्वाची का, हे समजायचं तर पायाच्या आत डोकवावं लागतं. हत्तीचा पाय बाहेरून सपाट तळव्याचा दिसतो, पण आतला सांगाडा बोटांवर उभा आहे. उंच टाचेची चप्पल घातलेल्या माणसाचं पाऊल जसं तिरकं राहतं, तशी हत्तीच्या पायातली हाडं तिरकी असतात, आणि चपलेची टाच जिथे असते तिथे चरबी आणि चिवट तंतूंची जाड गादी असते. पाय टेकला की ही गादी दबून पसरते, उचलला की आकसते. तीन-चार टनांचं जनावर वाळक्या पानांवरूनही आवाज न करता चालतं ते या गादीमुळे. त्या गादीच्या आत एक हाडासारखा कूर्चेचा दांडाही आहे. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजातले जॉन हचिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवून दिलं की तो जणू सहाव्या बोटाचं काम करतो आणि टाचेकडचा भार पेलायला मदत करतो.

नखं या सगळ्याच्या पुढच्या बाजूला, बोटांच्या टोकांवर बसवलेली असतात. घोड्याचा खूर अंगाचा भार पेलतो, तसं हत्तीच्या नखाचं नाही. भार तळव्याने घ्यायचा आणि नखाची खालची कड जमिनीपासून किंचित वर राहायची, ही त्याची निरोगी अवस्था. नख आणि तळवा दोन्ही सतत वाढतात, नख महिन्याला साधारण अर्धा ते एक सेंटीमीटर. रानातला हत्ती रोज मैलोन् मैल चालतो, दगडधोंड्यांवर चढतो, माती उकरतो, नदीतल्या वाळूत पाय घासतो. जितकं वाढतं तितकं झिजतं. रानात कोणी हत्तीची नखं कापत नाही आणि कापायची गरजही पडत नाही.

गरज पडते ती चालणं थांबल्यावर. नख वाढून जमिनीला टेकलं की प्रत्येक पावलाला त्याच्यावर दाब येतो. मग ते उभं चिरतं. चिरेत माती, शेण, मूत्र शिरतं. शेजारच्या दोन नखांमध्ये साधारण बोटभर फट असावी लागते. वाढलेली नखं एकमेकांना भिडली की त्या फटीतही घाण साचून राहते. यात आणखी एक नाजूक गोष्ट आहे. हत्तीच्या कातडीवर घामाच्या ग्रंथी जवळपास नसतात. ज्या आहेत त्या नखांच्या मुळाशी आणि बोटांच्या मध्ये. उन्हात चालून आलेल्या हत्तीच्या नखांच्या वरच्या कडेला ओल दिसते ती याच ग्रंथींची. नखाच्या मुळाशी असलेली कातडी वाढून त्यावर आली, तर हा घाम आत कोंडतो आणि तिथे गळू होतं. गळू खोल गेलं तर हाडापर्यंत पोचतं. हाड सडू लागल्यावर तीन-चार टनांच्या रुग्णाला अंथरुणावर झोपवून बरं करता येत नाही. पाळलेल्या हत्तींच्या मृत्यूंमध्ये पाय आणि सांध्यांचे आजार जगभर वरच्या क्रमांकावर राहिले आहेत, त्यामागे हीच साखळी आहे.

महाराष्ट्राने ही गोष्ट २०२५ मध्ये फार वेदनेने ऐकली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठाची महादेवी हत्तीण, गावकऱ्यांची माधुरी, त्या वर्षीच्या जुलैत उच्च न्यायालयाच्या आदेशाने आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केल्यावर गुजरातेतल्या वनतारा केंद्रात गेली. तिच्या तपासणीच्या अहवालांत अंगावरच्या जखमांबरोबर पायाची सड आणि वाढलेली नखं यांची नोंद होती. तिला निरोप देताना गावंच्या गावं रडली. त्या रडण्यात खोटं काही नव्हतं, असं मी मनापासून मानतो. पण काँक्रीटच्या जमिनीवर वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या पायाला माया पुरत नाही. त्याला माती लागते, चालणं लागतं, आणि चालणं कमी पडेल तिथे कानस लागते. देशातल्या प्राणिसंग्रहालयांनी आणि सर्कशींनी हत्ती ठेवू नयेत, त्यांना वनखात्याच्या कॅम्पांत पाठवावं, असं केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ मध्येच सांगितलं होतं. त्यामागेही मोकळ्या जागेचा विचार होता.

कान्हाचे हत्ती या बाबतीत भाग्यवान. ते मातीवर चालतात, रात्री चरायला जंगलात जातात, त्यामुळे त्यांच्या नखांवर फार कापाकाप करावी लागत नाही. तरीही पाय बघावे लागतात. पावसाळी चिखलात सतत राहिलेला तळवा भिजून मऊ पडतो, त्यात बांबूचा सल किंवा काटा सहज घुसतो आणि वर चिखल बसल्यामुळे दिसत नाही. हत्ती दुखणं लपवतो. लंगडू लागला तोवर आत पू झालेला असतो. म्हणून अंघोळीनंतर, पाय स्वच्छ असताना, माहूत प्रत्येक तळवा ब्रशने घासतो, बोटांमधल्या फटी चाचपतो, भेगेत रुतलेला खडा टोकदार सळीने काढतो. भिजलेलं नख मऊ असतं, तेव्हाच कानस चालवायची. एकाच दिवशी नख ‘नीट’ करायचा अट्टहास इथे धोक्याचा. नखाच्या आत रक्तवाहिन्या आणि नसांचा जिवंत भाग असतो. तो ओलांडला तर रक्त येतं, आणि हत्ती ते विसरत नाही. थोडंथोडं घासायचं, कड गोल करायची, दोन नखांमधली फट मोकळी करायची. चीर असेल तर ती आजूबाजूने तासून उथळ करायची म्हणजे तिच्यावरचा ताण कमी होतो. मग कडुनिंबाचं तेल.

आता यातला खरा प्रश्न. साडेतीन टनांचं जनावर पाय पुढे करून, स्थिर उभं राहून, पायाच्या बोटावर लोखंडी कानस का चालवू देतं?

हत्तीचा पाय फार संवेदनशील असतो. जमिनीतून येणारी सूक्ष्म कंपनं तो पायांनी टिपतो; दूरच्या हत्तींच्या खोल आवाजांची जमिनीतून येणारी लहरही त्याला पायांतून कळते, असं केटलिन ओ’कॉनेल यांच्या अभ्यासांतून दिसून आलं आहे. अशा पायावर कानशीची खरखर कशी जाणवत असेल याची आपण कल्पनाच करावी. शिवाय एक पाय उचलला की सगळा भार उरलेल्या तीन पायांवर येतो. सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या हत्तिणीला ते दोन मिनिटंही सहन होत नाही. म्हणजे पाय देणं ही त्या जनावरासाठी क्षुल्लक गोष्ट नाही. ते आपला आधार काही वेळासाठी माणसाच्या हातात ठेवतं.

जोर लावून हे काम उरकायची पद्धत आपल्या गावांत सर्वांनी पाहिली आहे. बैलाला नाल मारताना नालबंद दोरीचे फास टाकून त्याला एका कुशीवर पाडतो, चारही पाय एकत्र बांधतो, एक माणूस मानेवर बसतो आणि हातोडी सुरू होते. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन-दोन पत्र्या. कसबी नालबंद हे काम इतक्या झटपट करतो की बैलाचा त्रास थोडक्यात आटपतो, हे मान्य. पण पुढच्या वेळी तोच बैल नालबंदाची पेटी दिसताच मागे सरतो. हत्तीच्या बाबतीत हा मार्ग बंदच आहे. त्याला रोज पाडता येत नाही, आणि पाय तर रोज बघायचे असतात.

जुन्या काळी हत्ती माणसाळवताना बांधणं, उपाशी ठेवणं, मार हे सगळं होतं. अंकुशाचा धाक अजून अनेक ठिकाणी आहे, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण चांगल्या माहुताचं कौशल्य त्या धाकात कधीच नव्हतं. तो पहाटे हत्ती शोधायला जंगलात जातो, त्याच्याशी बोलत परत येतो, त्याला अंघोळ घालतो, त्याचं खाणं स्वतःच्या हाताने भरवतो. ‘बैठ’ म्हटलं की हत्ती बसतो, ‘तेरे’ म्हटलं की पाण्यात कुशीवर आडवा होतो, ‘धत’ म्हटलं की थांबतो. रोजच्या अंघोळीत कुशीवर पडलेल्या हत्तीचे चारही तळवे माहुताच्या समोर येतात. दगडाने घासताना, पाणी ओतताना ते रोज हाताळले जातात. रोज स्पर्शाची सवय असलेल्या त्या पायाला कानस लागते तेव्हा हत्तीसाठी त्यात नवीन असते ती फक्त कानस. माणूस, जागा, पाणी, शब्द, सगळं ओळखीचं असतं. माझ्या मते कान्हाच्या त्या आठवड्याचं यश उरलेल्या एकावन्न आठवड्यांत तयार होतं. म्हणून माहुतांच्या वारंवार बदल्या करणं किंवा जाणत्या माहुताची जागा रिकामी ठेवणं हे हत्तीच्या आरोग्याशी खेळणं आहे.

माहुतांना पिढ्यान् पिढ्या हातांतून कळलेली ही गोष्ट विसाव्या शतकात प्रशिक्षणाच्या शास्त्राने पद्धतशीर मांडली. अमेरिकेत सॅन दिएगोच्या वन्यप्राणी उद्यानात १९९० च्या आसपास हत्तींसोबत एका नव्या पद्धतीने काम सुरू झालं. माणूस आणि हत्ती यांच्यामध्ये मजबूत कठडा, हत्तीच्या हालचालीवर दोरखंड नाही, अंकुश नाही. कठड्याला पायाच्या उंचीवर एक खिडकी. काठीच्या टोकाला चेंडू बांधलेला असतो. त्याला पाय लावला की शिट्टी आणि लगेच फळाचा तुकडा. चेंडू हळूहळू खिडकीजवळ जातो, मग हत्ती आपणहून पाय खिडकीतून बाहेर काढून लोखंडी पट्टीवर ठेवतो आणि कानस चालू असेपर्यंत तसाच ठेवतो. नको वाटलं तर पाय काढून घेऊन निघून जातो, आणि त्याबद्दल त्याला शिक्षा होत नाही. ही मोकळीक या पद्धतीचा कणा आहे. निघून जाता येतं हे ठाऊक असलेलं जनावर बहुतेक वेळा थांबतं.

आपल्या शेजारच्या नेपाळमधलं उदाहरण मला अधिक जवळचं वाटतं, कारण ते कामाच्या हत्तींचं आहे, प्राणिसंग्रहालयातल्या नव्हे. क्षयरोगाच्या तपासणीसाठी हत्तीच्या सोंडेत मिठाचं पाणी घालून, सोंड वर करून, मग ते पिशवीत फुंकायला लावावं लागतं. कोणत्याही हत्तीला नकोसं वाटणारं हे काम. एरियल फेगन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच हत्तिणींना हे केवळ खाऊच्या बक्षिसाने शिकवून पाहिलं. चार लहान वयाच्या हत्तिणी २५ ते ३५ वेळच्या सरावात शिकल्या, आणि एकेका वेळचा सराव सरासरी बारा मिनिटांचा. पाचवी, प्रौढ हत्तीण पूर्ण कृती शिकू शकली नाही. मला या निकालातली पाचवी हत्तीणही तितकीच बोलकी वाटते: एखाद्या जनावराला नव्या भरवशावर यायला जास्त वेळ लागतो, आणि तो वेळ देणं हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे.

महाराष्ट्रात हत्तींच्या पायांसाठी सुट्टी देणारी एक जागा आहे, बालाघाटहून दक्षिणेला गडचिरोली जिल्ह्यात. कमलापूरच्या शासकीय हत्ती कॅम्पमध्ये थंडीच्या दिवसांत, बहुधा जानेवारीत, हत्तींना दहाएक दिवस कामातून आणि पाहुण्यांपासून मोकळं ठेवतात आणि त्यांच्या पायांचं ‘चोपिंग’ करतात. हिरडा, बेहडा, सुंठ अशा औषधी वस्तूंचा दाट काढा शिजवायचा आणि त्या गरम लेपाने तळवे शेकायचे. थंडीत तळव्यांना भेगा पडू नयेत आणि पडल्या असतील तर भराव्यात म्हणून. हे रोज पहाटे चालतं आणि हत्ती एकेक पाय देत उभे राहतात. त्या दिवसांत कॅम्प पर्यटकांसाठी बंद असतो. काही जण हिरमुसतात. कोणी जाणार असेल तर आधी विचारून जावं आणि बंद असेल तर राग मानू नये.

एवढं सगळं वाचून कोणी म्हणेल, हत्ती आमच्या अंगणात नाही. पण कुत्रा आहे, मांजर आहे, ससा आहे, आणि बालाघाट-गोंदियाच्या धानपट्ट्यात शेळ्या तर घरोघरी आहेत. गंमत अशी की कुत्रा, मांजर आणि ससा यांनाही पुढे पाच-पाच, मागे चार-चार अशी अठराच नखं. शेळीला नखं नाहीत, खूर आहेत. पावसाळी ओल्या गोठ्यात ते वाढून आत वळतात, त्यात चिखल कोंडतो आणि सड लागते. खुराच्या वरच्या कडेला जिथे केस संपतात, त्या रेषेला समांतर तळ ठेवून वाढलेली कड कापायची, गुलाबी रंग दिसू लागला की थांबायचं. खुराक खात असताना एकेक पाय उचलायची सवय करडू असल्यापासून लावली, तर पुढे दोन माणसं लागत नाहीत.

आता शहरांत फेरेट पाळणारेही दिसू लागले आहेत. फेरेट म्हणजे युरोपातल्या पोलकॅटचं माणसाने दोन हजारांहून अधिक वर्षं पाळलेलं रूप. सशांच्या बिळांत शिरून त्यांना हुसकावण्यासाठी ते पाळलं गेलं. पाणमांजर आणि चांदी अस्वल हे त्याच कुळातले आपल्या जंगलांतले प्राणी, पण त्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, ते पाळता येत नाहीत. फेरेटच्या प्रत्येक पायाला पाच, अशी वीस नखं. मांजरासारखी ती आत ओढता येत नाहीत, म्हणून गोधडीत, सतरंजीत अडकतात आणि ओढाताणीत मुळापासून उपटतात. दर दोन-तीन आठवड्यांनी टोकं कापावी लागतात. त्याची नखं पारदर्शक असतात आणि आतली गुलाबी रेघ उजेडात स्वच्छ दिसते, ही मोठी सोय. पाळणारे एक साधी युक्ती वापरतात: त्याला मांडीवर उताणं घ्यायचं आणि पोटावर माशाच्या तेलाचा एक थेंब टाकायचा. तो थेंब चाटण्यात गुंगतो आणि तेवढ्यात एका पायाची पाच नखं होतात.

फेरेट असो की कुत्रा, खाऊ तेवढ्यापुरती लाच म्हणून वापरला तर फार दिवस चालत नाही. तेल दिसलं की कात्री येणार, हे जनावर लवकर ओळखतं आणि तेलालाच घाबरू लागतं. क्रम उलटा हवा. आधी स्पर्श, मग लगेच खाऊ. पहिले काही दिवस नुसता पंजा हातात घ्यायचा, सोडायचा, घास द्यायचा. मग बोट हलकेच दाबून नख बाहेर काढायचं, घास. मग कात्री जवळ जमिनीवर ठेवायची, तिला त्याने हुंगलं की घास. मग कात्रीचा आवाज, एखादी सुकी शेवई तोडून, घास. मग एका नखाचं टोक, आणि त्या दिवशी तेवढंच. ज्याला हे लांबलचक वाटतं त्याने वर्षभराचा हिशेब करावा: एकदा आठवडा-दोन आठवडे दिले की पुढची सगळी वर्षं चार मिनिटांत काम होतं. उलट पहिल्याच दिवशी टॉवेलात गुंडाळून, दोघांनी दाबून धरून वीस नखं कापली, तर पुढच्या प्रत्येक वेळी तेच करावं लागतं, आणि चावाही सोसावा लागतो.

नको असल्याची खूण जनावर आधीच देत असतं. कुत्रा जीभ ओठांवरून फिरवतो, जांभई देतो, मान वळवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो. मांजराची शेपूट फटके मारू लागते. ससा अंग आकसून गोठल्यासारखा बसतो, आणि लोक त्याला ‘शांत आहे’ असं समजतात, ही मोठी चूक. सशाला कधीही उताणं धरून नखं कापू नयेत. तो हलत नाही तो घाबरल्यामुळे, आणि अचानक लाथ झाडली तर त्याचा कणा मोडू शकतो. हत्ती कान ताठ पसरतो, पाय मागे ओढतो, भार एका पायावरून दुसऱ्यावर टाकत डुलू लागतो. या खुणा दिसल्या की हात थांबायला हवा. कापायला धारदार कात्री हवी. बोथट कात्री नख चिरडते आणि वेदना तिथूनच सुरू होते. कुत्र्याची काळी नखं कापताना आतली रेघ दिसत नाही, तेव्हा अगदी पातळ काप घेत जायचं. कापलेल्या भागाच्या मध्यावर काळसर ठिपका दिसला की तिथेच थांबायचं. पुढच्या पायाचं आतल्या बाजूचं, अंगठ्याचं नख विसरू नये. ते जमिनीला टेकत नाही, म्हणून झिजत नाही, आणि वळून मांसात शिरतं.

इतकं करूनही कधी रक्त येईल. घाबरून ओरडू नये, त्याने जनावर जास्त घाबरतं. कॉर्नफ्लॉरमध्ये नखाचं टोक बुडवून स्वच्छ कापडाने काही मिनिटं हलकं दाबून धरावं. औषधाच्या दुकानात यासाठी वेगळी पूडही मिळते. रक्त थांबत नसेल, नख मुळातून तुटलं असेल किंवा बोट सुजलं असेल तर पशुवैद्यकाकडे जावं. रक्त थांबलं तरी बाकीची नखं त्या दिवशी तशीच राहू द्यावीत. पुढचे दोन-तीन दिवस पंजा नुसता हातात घेऊन खाऊ द्यावा, कात्री कपाटात ठेवावी, आणि मग पुन्हा एका नखापासून सुरुवात करावी.